बाबू जगजीवनराम : खाती बदलत गेली, मंत्री तेच

१९७१चं युद्ध म्हटलं की इंदिरा गांधी, माणेकशा, अरोरा, जेकब ही नावं पटापट येतात. पण तेव्हा संरक्षणमंत्री कोण होते, असं मराठी माणसांना विचारलं की बरेच जण यशवंतराव चव्हाणांचं नाव घेतात. यशवंतराव १९६२ ते १९६६ त्या खात्यात होते. १९७१ साली ते अर्थमंत्री होते. संरक्षणमंत्री होते बाबू जगजीवनराम. आजचा भाग त्यांच्यावर.

जन्म ५ एप्रिल १९०८, बिहारमधल्या आरा शहराजवळचं चंदवा गाव. वडील शोभीराम काही काळ ब्रिटिश फौजेत होते, पुढे शिवनारायणी पंथाचे महंत झाले. आऱ्याच्या शाळेत हिंदूंचा एक माठ, मुसलमानांचा दुसरा. या मुलाने हिंदूंच्या माठातलं पाणी घेतलं म्हणून अस्पृश्यांसाठी तिसरा माठ ठेवण्यात आला. त्याने तो फोडला. दुसरा आणला, तोही फोडला. शेवटी मुख्याध्यापकांनी वेगळा माठ ठेवणंच बंद केलं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातही तेच अनुभव आले, तेव्हा ते कलकत्त्याला गेले आणि १९३१ साली बी.एस्सी. झाले. हे सगळं जुन्या काळचं, असं वाटत असेल तर १९७८ची गोष्ट ऐका. बनारसमध्ये त्यांनी संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण केलं आणि ते गेल्यावर काही मंडळींनी तो पुतळा गंगाजलाने धुऊन ‘शुद्ध’ केला. तेव्हा ते भारताचे संरक्षणमंत्री होते.

२ सप्टेंबर १९४६ रोजी नेहरूंचं हंगामी सरकार आलं, त्यात ३८ वर्षांचे जगजीवनराम सर्वांत तरुण मंत्री होते. खातं मिळालं मजुरांचं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ हेच खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. राजकारणात दोघांचे रस्ते वेगळे, मतभेदही तीव्र. पण किमान वेतनाचं जे विधेयक बाबासाहेबांनी मांडलं होतं, त्याचा १९४८ साली कायदा झाला तो जगजीवनराम मजूरमंत्री असताना. कर्मचारी राज्य विमा कायदाही त्याच वर्षीचा.

मग दळणवळण (१९५३चं विमानकंपन्यांचं राष्ट्रीयीकरण याच काळातलं), रेल्वे, पुन्हा मजूर, आणि १९६७ ते १९७० अन्न व शेती. बिहारच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. नव्या वाणाच्या गव्हाची मुहूर्तमेढ सी. सुब्रमण्यम यांनी रोवली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पीक हाती आलं ते बाबूजींच्या काळात. १९६८ साली गव्हाचं उत्पादन सुमारे १ कोटी १० लाख टनांवरून १ कोटी ६५ लाख टनांवर गेलं.

ही खाती मी मुद्दाम मोजतोय. एप्रिल १९७१च्या बैठकीची हकिकत माणेकशांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. लगेच युद्ध नको, म्हणून त्यांनी दिलेली कारणं बघा : पूर्व बंगालचा पावसाळा तोंडावर आहे, हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद होतील, तोवर चीनची धास्ती, आणि उत्तरेत कापणी चालू आहे, सैन्य हलवायला रेल्वे नि रस्ते लागतील, मग धान्य कशातून जाणार? बैठकीला हजर असलेल्या संरक्षणमंत्र्यांनी रेल्वेही सांभाळली होती आणि धान्यही. वाघिण्या म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सैन्याला तयारीसाठी महिने मिळाले. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ला ढाका पडलं. मंत्र्याचं काम पुष्कळदा एवढंच असतं : साधनं मिळवून द्यायची आणि नकाशावर बोट ठेवायचं नाही. १९६२मध्ये नेमकं उलट घडलं होतं.

तक्रारही आहे. सैन्याच्या पगाराचा विचार पूर्वी स्वतंत्र समित्या करत. तिसऱ्या वेतन आयोगापासून तो मुलकी आयोगाकडे गेला. १९७३ साली त्याचा अहवाल आला तेव्हा खातं बाबूजींकडेच होतं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात हा विषय निघाला की अजून आवाज चढतात.

त्याहून मोठा प्रश्न आणीबाणीचा. जुलै १९७५मध्ये आणीबाणीला लोकसभेची मंजुरी मागणारा ठराव मांडला तो जगजीवनरामांनी. आणि २ फेब्रुवारी १९७७ला, निवडणूक जाहीर झाल्यावर, राजीनामा देऊन ‘काँग्रेस फॉर डेमॉक्रसी’ काढली तीही त्यांनीच. त्यांच्या बाहेर पडण्याने इंदिराजींच्या पराभवाला मोठा हातभार लागला, यात मला शंका नाही. पण मधले एकोणीस महिने ते मंत्रिमंडळात होते. त्यांचे चाहते त्याला संयम म्हणतात. मला तो हिशेबीपणा वाटतो. राजीनाम्याची खरी किंमत जून १९७५मध्ये होती.

त्यांना काय मिळालं? १९७७ला पंतप्रधान झाले मोरारजी. नाराज बाबूजींनी काही दिवस शपथच घेतली नाही, मग संरक्षण घेतलं. जॅग्वार विमानांचा करार त्याच काळातला. जानेवारी १९७९मध्ये ते उपपंतप्रधान झाले. जुलैत सरकार कोसळलं, चरणसिंग आले आणि लोकसभेला सामोरं न जाताच गेले. जनता पक्षाचे नेते म्हणून जगजीवनरामांनी सरकार बनवण्याचा दावा केला. राष्ट्रपती संजीव रेड्डींनी त्यांना संधी न देता २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली. बहुमत होतं की नव्हतं, हे सभागृहातच ठरायला हवं होतं.

१९८०च्या निवडणुकीत जनता पक्षाने त्यांनाच पंतप्रधानपदासाठी पुढे केलं, तेव्हा पक्षाचे जेमतेम ३१ खासदार आले. सासारामने मात्र त्यांना निवडून दिलं. १९८४च्या लाटेतही दिलं. ६ जुलै १९८६ रोजी ते गेले, तेव्हाही ते सासारामचे खासदार होते.