गिझर घेतला, पण लावणार कुठे?

गेल्या पौषातली गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घरच्यांनी उचलून माझ्या दवाखान्यात आणले. न्हाणीघरात ती बेशुद्ध पडली होती. फिट आली असावी, असे सगळ्यांचे म्हणणे. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 98 दिसत होता, त्यामुळे मलाही तेच वाटले. एवढ्यात तिची आई म्हणाली, ''डॉक्टरसाहेब, लहानीचंबी सकायपासून डोकं दुखून रायलं. तिले उलटीबी झाली.''

दोघी पाठोपाठ आंघोळीला गेल्या होत्या. पाणी कशावर तापवता, असे विचारले. नव्या घरात गॅसचा गिझर होता; तो न्हाणीघरातच, आणि थंडी वाजते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला. ताबडतोब ऑक्सिजन सुरू करून दोघींना मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोघीही बऱ्या झाल्या.

पाणी तापवणारा हा गिझर स्वयंपाकाच्या चार-पाच बर्नरांएवढा गॅस एकदम जाळतो. लहानशा बंद खोलीतली हवा त्याला पुरत नाही. मग ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाच्या साध्या यंत्राला हा फरक कळत नाही; ते 98 दाखवतच राहते. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर याचा धोका जास्तच.

आपल्याकडे तांब्याचा बंब पूर्वी अंगणात किंवा परसात असे. तुराट्या, पऱ्हाट्या घातल्या की धूर वर निघून जाई. पावसाळ्यात तोच बंब कोणी मोरीत ओढला, तर धोका तोच. धूर दिसत नाही म्हणून निखारे निरुपद्रवी आहेत असे समजू नये. धुमसणारा कोळसा हा वायू भरपूर सोडतो.

म्हणून दुकानात कंपनी आणि लिटर विचारण्याआधी घरातली जागा पाहा. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत, वर पत्र्याचा आडोसा करून लावावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. सिलिंडरही बाहेरच, उभे. आत लावलेला असेल तर तो बाहेर हलवा. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडून हवा खेळू द्या, मगच आंघोळीला बसा. ज्योत निळी आहे म्हणून बंद खोलीत निर्धास्त राहू नका.

बाहेर जागाच नसेल तर विजेचा गिझर बरा, पण अर्थिंग तपासून घ्या. बोअरच्या जड पाण्याने त्याच्या कॉइलवर क्षार बसतो, तो अधूनमधून काढवून घ्यावा लागतो. गच्ची स्वतःची असेल तर आपल्याकडच्या उन्हात सौर बंब मला सर्वांत पसंत.

आंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार उघडा, श्वास रोखून आत जा, त्याला मोकळ्यावर आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन करा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात पाणी घालू नका. आणि डॉक्टरांना गिझर कुठे लावला आहे हे न विचारता सांगा.