कॅमेऱ्याची बॅटरी: कंपनीचीच घ्यावी की दुसरी चालेल?



बचत गटातून कर्ज काढून कॅमेरा घ्यायचा आणि लग्न, बारसं, डोहाळजेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या, असा विचार आता गटांच्या बैठकांमध्ये होऊ लागला आहे. बायकांना हे जमेल का, अशी शंका कुणी काढली तर त्यांना उमरग्यावरून हैदराबादला जाणारा रस्ता दाखवा. त्या रस्त्यावर झहीराबाद लागतं. तिथल्या आसपासच्या गावांत डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांमधल्या शेतकरी बायका कित्येक वर्षांपासून स्वतः कॅमेरा चालवतात, फिल्म बनवतात. 2008 पासून त्यांचा स्वतःचा संघम रेडिओही आहे.

कॅमेरा घेतला की दुसरा खर्च येतो तो जादा बॅटरीचा. एका बॅटरीवर लग्न निभत नाही. अक्षता पडायच्या वेळेला कॅमेरा बंद पडला, तर तो क्षण पुन्हा आणता येत नाही. मग दुकानात गेलं की प्रश्न पडतो: कंपनीची महाग बॅटरी घ्यावी की दुसरी स्वस्तातली?

खरं तर बाजारात दोन नाही, तीन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. पहिली, कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीची मूळ बॅटरी. दुसरी, बॅटरीच बनवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कंपनीची, स्वतःचं नाव उघड लावून विकलेली. आणि तिसरी, बिननावाची किंवा मूळ कंपनीचं खोटं लेबल चिकटवलेली. पहिली आणि दुसरी यांत निवड करता येते. तिसरीपासून मात्र लांबच राहायचं. "ओरिजिनलच आहे ताई, तुमच्यासाठी निम्म्या भावात देतो," असं कुणी म्हणालं, की तिथे सावध व्हायचं.

हा फरक का पडतो, ते समजून घेऊ. आजच्या कॅमेऱ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. 1991 मध्ये सोनी कंपनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली. लहानशा डबीत ती पुष्कळ वीज साठवते, म्हणूनच तिला लगाम लागतो. तो लगाम म्हणजे आतली छोटी सर्किट पट्टी. बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरू लागली, फार रिकामी झाली किंवा शॉर्ट झाली, तर ही पट्टी वीज तोडते. स्वस्त करण्याच्या नादात बिननावाच्या बॅटरीत काटकसर होते ती बहुधा इथेच. मग बॅटरी फुगते, तापते, कधी पेटही घेते.

मूळ बॅटरीत आणखी एक गोष्ट असते. बऱ्याच कॅमेऱ्यांत बॅटरी आणि कॅमेरा आपसात बोलतात, म्हणून किती चार्ज उरला ते पडद्यावर बरोबर दिसतं. दुसऱ्या कंपनीची बॅटरी घातली, तर काही कॅमेरे सूचना दाखवतात, काही उरलेला चार्ज चुकीचा दाखवतात. शिवाय अशा बॅटरीमुळे कॅमेरा बिघडला तर सहसा वॉरंटी मिळत नाही. पण मूळ म्हणजे कधीच न बिघडणारी, असंही नाही. 2016 मध्ये सॅमसंगला बॅटऱ्या पेट घेतात म्हणून नोट 7 हे फोन परत घ्यावे लागले होते. फरक इतकाच, की तिथे जबाबदार कंपनी होती. बिननावाच्या मालाला विचारणार कुणाला?

आता हिशेब करू. समजा, मूळ बॅटरी 3000 रुपयांना मिळाली आणि 300 वेळा चार्ज झाली, तर एका चार्जला 10 रुपये पडले. बिननावाची 500 ला मिळाली आणि 25 वेळातच फुगली, तर एका चार्जला 20 रुपये. स्वस्त कोणती ठरली, ते तुम्हीच सांगा.

म्हणून कॅमेरा आणि वॉरंटी नवी असेल, तर मुख्य कामाला मूळ बॅटरीच ठेवा. जादा म्हणून चांगल्या नावाची दुसरी घ्यायला हरकत नाही. कॅमेरा जुना असेल आणि त्याची मूळ बॅटरी मिळत नसेल, तर दुसऱ्या कंपनीचीच शोधावी लागते.

घेताना हे पाहा:

1. बॅटरीचा मॉडेल नंबर कॅमेऱ्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.

2. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस 16046 आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो.

3. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत पाकिटावर छापलेली हवी.

4. एमएएच हा आकडा म्हणजे टाकीत किती पाणी मावतं, तसं बॅटरीत किती वीज मावते. मूळ बॅटरीवर 860 असेल आणि तेवढ्याच आकाराच्या दुसरीवर 2000 लिहिलं असेल, तर विश्वास ठेवू नका. हातात घेऊन वजनही पाहा. फार हलकी लागली तर घेऊ नका.

5. पक्कं बिल गटाच्या नावाने घ्या. दुकानदार दाद देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

नवी बॅटरी थेट लग्नात वापरू नका. घरी पूर्ण चार्ज करून व्हिडिओ किती मिनिटं चालतो ते वहीत लिहा. बॅटरीवर खरेदीची तारीख आणि क्रमांक टाका. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, की बॅटरी कधी थकली ते आपोआप कळतं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचीही काळजी घ्या. येरमाळ्याची चैत्री यात्रा असो की वैशाखातली लग्नं, बॅटरी गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका. कापडी पिशवीत, सावलीत ठेवा. चार्जिंगला लावून झोपू नका. पावसाळ्यात काम नसेल, तर अर्धी भरून ठेवा.

आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर मोह नको. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. घराबाहेर, लेकरांपासून लांब, वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत कॅमेऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला, तर अर्जात एका जादा बॅटरीची रक्कम आधीच धरा. ऐनवेळी हात आखडला, की बिननावाची बॅटरी घरात येते. आजच्यापुरतं एवढंच.