मासा घोडचा, कायदा कोणाचा?

बेकायदा मासेमारी म्हटलं की डोळ्यांपुढे खोल समुद्र येतो, तटरक्षक दलाची बोट येते, हद्द ओलांडून आलेला परदेशी ट्रॉलर येतो. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या माणसाला वाटतं, हे सारं सह्याद्रीच्या पलीकडचं. पण घोड नदी आंबेगावातल्या डिंभे धरणातून पुढे येते, शिरूर तालुक्यात उतरते, चिंचणीच्या घोड धरणात विसावते आणि पुढे भीमेला मिळून उजनीत जाते. या वाटेवर धरणं आहेत, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, ठेके आहेत आणि कायदेही आहेत. नाही ती त्यांची नीट माहिती. म्हणून पारावर हमखास ऐकू येणाऱ्या सहा समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : बेकायदा मासेमारी फक्त समुद्रात होते.

वस्तुस्थिती : जगात या प्रश्नाचे तीन भाग मानतात. कायदा मोडून केलेली मासेमारी, कुठेच नोंद न झालेली मासेमारी आणि ज्या पाण्याला नियमच लागू नाहीत तिथली मासेमारी. तिन्ही मिळून दरवर्षी १ कोटी १० लाख ते २ कोटी ६० लाख टन मासळी उपसली जाते, असा एक अंदाज नेहमी सांगितला जातो. तो समुद्राचा आहे. पण असे प्रकार गोड्या पाण्यातही आहेत. धरणात बारीक आसाचं जाळं ओढून बोटाएवढी पिल्लं काढणं हा पहिला प्रकार. बंधाऱ्यातून रोज किती मासा निघतो याची नोंद कुठल्याच वहीत नसणं हा दुसरा.

पिल्लांचं गणित साधं आहे. रोहूची किलोभर वजनाची मादी एका हंगामात दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, पण त्या वयाला पोचायला तिला दोनेक वर्षं लागतात. त्याआधीच ती टोपलीत आली, तर तिच्याबरोबर पुढचे हंगामही गेले.

गैरसमज २ : जिलेटीन, औषध, करंट ही पोरांची हौस; त्याला कसला आलाय गुन्हा?

वस्तुस्थिती : सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गुन्हा आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यात त्यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला, तेव्हाही मनाई कायम राहिली. शिवाय विहिरीच्या कामावरची जिलेटीनची कांडी विनापरवाना बाळगली, तर १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागू होतो आणि तो कितीतरी कडक आहे. तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडला, तर ती वीजचोरीही ठरते. वीज कायद्यात तिला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

स्फोटाने मेलेले सगळे मासे तरंगून वर येत नाहीत, बरेच तळाला जातात. चार किलो मासे हाती लागतात आणि डोहातली अंडी, पिल्लं, झिंगे, किडे सारंच संपतं. विषाचं तर विचारूच नका. तेच पाणी खालच्या वस्तीची जनावरं पितात.

गैरसमज ३ : चढणीचे मासे धरायचे नाहीत तर कधी धरायचे?

वस्तुस्थिती : मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाने ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. ते चढतात अंडी घालण्यासाठी. रोहू, कटला, मृगळ यांना त्यासाठी वाहतं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी देत नाहीत. बंधाऱ्याचे ढापे काढलेले असताना त्या तोंडावर जाळं लावलं, तर अंड्यांनी भरलेल्या माद्याच हाती लागतात. घरापुरते दोन मासे धरणं आणि वाटच अडवून पोतं भरणं यांत फरक आहे.

समुद्रात नेमक्या याच कारणासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. ती यांत्रिक नौकांना लागू आहे. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्या तिच्यातून वगळल्या आहेत, म्हणजे ‘बंदी गरिबाच्या पोटावर’ हा आरोपही सरसकट खरा नाही.

गैरसमज ४ : नदी देवाची, मासा सगळ्यांचा.

वस्तुस्थिती : जलाशयातल्या मासेमारीचा ठेका सरकार देतं. तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी मत्स्यबीज सोडायचं, ठेक्याची रक्कम भरायची आणि नियमाप्रमाणे मासे काढायचे. रात्री कुणी चोरून जाळं टाकलं, तर ते सरकारचं नव्हे, आधी संस्थेच्या सभासदाचं नुकसान. ठेका मिळाला म्हणजे वाटेल ते करायला मोकळीक, असंही नाही. आसाचा नियम ठेकेदारालाही असतो.

आपल्याच घोड नदीवर वरच्या अंगाला डिंभे जलाशयात याचं चांगलं उदाहरण आहे. धरणाने ज्यांची शेती बुडाली त्या आदिवासींनी संस्था काढून त्याच पाण्यावर मासेमारीचा हक्क मिळवला. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाणी कोणाचं हे ठरलं की राखणदार शोधावा लागत नाही.

गैरसमज ५ : दिल्लीने एक कडक कायदा केला, दंड वाढवला, की काम झालं.

वस्तुस्थिती : राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय राज्यांच्या यादीत ठेवला आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. परदेशी नौकांसाठी केंद्राचा कायदा १९८१ पासून आहे, पण १२ मैलांपलीकडे आपल्याच नौकांनी कसं वागावं याचे नियम बराच काळ तुटपुंजे होते. ती फट बुजवण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम आणले.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदाही १९८१ चाच. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि एलईडी दिव्यांच्या झोतात केलेल्या मासेमारीचा दंड ५ ते २० लाख रुपयांवर गेला. पण त्या दुरुस्तीत दंडाइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट होती : निवाड्याचं काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आलं. महसुलाच्या गठ्ठ्यात दावा अडकून पडला, तर वीस लाखांचा धाकही कागदावरच राहतो. १८९७ चा दोनशे रुपयांचा दंड आज हसण्यावारी जाईल, हे खरं. पण पकडलं जाण्याची भीतीच नसेल, तर आकडा कितीही वाढवा, फरक पडत नाही. कायदा बळकट होतो तो गस्तीने, नोंदीने आणि लवकर लागणाऱ्या निकालाने.

गैरसमज ६ : आम्ही बाजारातून विकत घेतो, आमचा काय संबंध?

वस्तुस्थिती : संबंध आहे. राज्याने २०२३ मध्ये समुद्री मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट, म्हणजे आपला राज्यमासा, १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचा नाही. त्याहून लहान मासळीची खरेदी-विक्री करणाराही दंडाला पात्र ठरतो.

गोड्या पाण्यात असाच प्रश्न मांगूरचा. आफ्रिकी मांगूरच्या संवर्धनावर सन २००० पासून बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानेही ती उचलून धरली. हा मासा हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. त्यामुळे घाण पाण्यात, कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर तो झपाट्याने वाढतो. पुरात तळं फुटून नदीत शिरला, तर गावरान मासा उरत नाही. उजनीच्या काठावर अशी तळी उद्ध्वस्त करावी लागली आहेत. आपला देशी मांगूर वेगळा, त्याच्यावर बंदी नाही. पण नाव तेच असल्याने गिऱ्हाईक फसतं. ‘कुठल्या तळ्यातला?’ एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

मग गावाने काय करायचं?

आधी काय हातचं जातंय ते पाहू. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने इथल्या माणसांच्या तोंडची नावंच लॅटिनमध्ये नेली. खुद्री पुण्याच्या मुळा-मुठेतला, नुकटा चाकणजवळच्या इंद्रायणीतला. जगभरच्या ग्रंथांत ही मराठी नावं आजही आहेत. इथल्या नद्यांत मात्र ते मासे आता क्वचितच दिसतात.

चढणीच्या दिवसांत बंधाऱ्याच्या तोंडाशी जाळं लावायचं नाही, असा ठराव ग्रामसभा करू शकते. सुरुंगाचा आवाज आला, तर ११२ वर फोन लावता येतो. ठेका कोणाकडे आहे, बीज किती सोडलं, हे पुण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज देऊन विचारता येतं. कायद्याचं पुस्तक मुंबई-दिल्लीत छापलं जातं, पण बंधाऱ्यावर रात्री जाळं कोण लावतो हे गावालाच ठाऊक असतं.