होडी स्वस्त, पण इंजिन?

"होडी झकास आहे. इंजिनाचं थोडं काम आहे, एवढंच!"

पावसाळ्यात कोकणच्या एखाद्या बंदरावर गेलात, तर जुनी होडी विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. पुढच्या मोसमात ज्याला समुद्रावर जायचे नसते, तो याच दिवसांत गिऱ्हाईक शोधतो. दुसऱ्याच्या होडीवर वर्षानुवर्षे खलाशी म्हणून राबलेला एखादा तरुणही याच दिवसांत त्याच्या दारी येतो. नव्या होडीचा भाव आवाक्याबाहेरचा असतो. जुनी मात्र निम्म्या किमतीत मिळत असते. घरात थोडी शिल्लक असते, बायकोच्या अंगावर थोडे सोने असते. मग घ्यावी की न घ्यावी?

जुनी स्कूटर घेताना आपण हाच विचार करतो. पण स्कूटर बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावून घरी येता येते. होडी बंद पडते ती किनाऱ्यापासून कित्येक मैल आत. पूर्वीच्या होड्यांना शीड होते. वारा धरून माणसे कशीबशी घरी परतत. आज बहुतेक होड्यांवर शीड उरलेले नाही, सगळा भरवसा इंजिनावर. म्हणून 'थोडं काम' म्हणजे नेमके किती, हे पैसे मोजण्यापूर्वी कळलेच पाहिजे.

आधी सांगाडा, मग इंजिन

गिऱ्हाईक होडीपाशी गेले की पहिली नजर इंजिनावर टाकते. खरे तर ती सर्वांत शेवटी टाकावी. इंजिन उतरवून दुसरे बसवता येते, होडीचा सांगाडा बदलता येत नाही.

लाकडी होडी असेल तर पाण्याखाली राहणाऱ्या फळ्यांवर आणि सांध्यांवर चाकूचे टोक दाबून पाहावे. टोक सहज आत गेले, तर लाकूड कुजले आहे किंवा समुद्रातल्या किड्यांनी पोखरले आहे. नवा रंग पाहून भुलू नये. रंगाखाली बरेच काही झाकता येते.

फायबरची होडी असेल तर लाकडी हातोडीने सगळीकडे हलके ठोकत जावे. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतले थर सुटले आहेत असे समजावे. बाहेरून लावायचे इंजिन ज्या मागच्या फळीला टांगतात, ती फळी तर दोन्ही हातांनी हलवून पाहावी. तिच्या कोपऱ्यांत तडे असतील किंवा ती दबत असेल, तर आत पाणी मुरलेले असते. इंजिनाचा सारा जोर त्या एका फळीवर येतो.

सांगाडा पक्का नसेल तर पुढचे काही पाहू नये. आल्या पावली परत फिरावे.

थंड इंजिन खरे बोलते

सांगाडा पसंत पडला की इंजिनाकडे वळावे. सोबत आपल्या ओळखीचा मेकॅनिक हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे. पोहोचल्याबरोबर इंजिनाला हात लावून पाहावे. ते आधीच गरम असेल तर चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, पण ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे. सुरू व्हायला कुरकुरणारे इंजिन गिऱ्हाईक येण्यापूर्वी तापवून ठेवणे ही जुनीच युक्ती आहे.

डिझेल इंजिन सुरू झाले की धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. नोझल किंवा हवेची जाळी साफ करण्यावर हे भागू शकते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, रिंगा आणि लायनर झिजले असण्याचा संभव. पांढरा धूर सुरुवातीला येऊन थांबला तर काळजी नाही. इंजिन तापल्यावरही येत राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी.

मग तेलाची पट्टी काढावी. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. इंजिन चालू असताना तेल भरायचे झाकण उघडावे. तिथून धूर भसाभस बाहेर येऊ लागला तर 'थोडं काम' हे शब्द विसरून जावेत. गिअर पुढे-मागे टाकून पाहावा, पंख्याचा दांडा फिरताना थरथरतो का ते बघावे.

होडीवर ट्रकचे इंजिन बसवलेले असेल, तर ते थंड कसे केले जाते हे जरूर विचारावे. खारे पाणी थेट इंजिनातून फिरवले असेल, तर ते आतून खात गेलेले असते. बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

'उघडल्यावर कळेल'

मेकॅनिकला खर्च विचारला की तो एक आकडा सांगतो आणि पुढे म्हणतो, "नक्की उघडल्यावर कळेल." तो फसवत नसतो. बंद इंजिनाच्या पोटात काय आहे, हे त्यालाही दिसत नाही. रिंगा बदलायला उघडावे आणि क्रँक घासलेला निघावा, असे नेहमी घडते. म्हणून त्याच्या आकड्यात निम्मी रक्कम आणखी मिळवूनच हिशेब करावा.

सोयीसाठी कल्पित आकडे घेऊ. जुनी होडी २ लाखांना मिळते आहे. तशीच, पण चालती होडी ४ लाखांना आहे. मेकॅनिकने ७० हजार सांगितले. वरवर पाहता १ लाख ३० हजारांची बचत! आता नीट मांडणी करू. इंजिनाचे ७० हजार नव्हे, १ लाख ५ हजार धरा. सांगाड्याची डागडुजी आणि रंग २५ हजार. कागदपत्रे आणि किरकोळ खर्च १० हजार. होडी ३ लाख ४० हजारांना पडली. बचत उरली ६० हजार.

आणि सुटा भाग वेळेवर आला नाही तर? बंदी उठल्यानंतरचे आठवडे हे कमाईचे दिवस. दर्याला नारळ वाहून शेजारच्या होड्या निघाल्या आणि आपली वाळूवरच राहिली, खर्च वजा जाता रोजचे ३ हजार सुटणारे २० दिवस हातचे गेले, की ते ६० हजारही संपले. वर दुरुस्त केलेल्या जुन्या इंजिनाची धास्ती उरली ती वेगळीच.

याचा अर्थ जुनी होडी कधीच घेऊ नये असा नाही. भाव करताना बिघडलेल्या इंजिनाची किंमत शून्य धरावी. नुसता सांगाडा आणि कागद यांचे जेवढे मोल होईल, तेवढेच द्यावे. दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या चांगल्या इंजिनाच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडून इंजिनच बदलावे. ज्याचे सुटे भाग आपल्या बंदरात मिळत नाहीत ते इंजिन फुकटही नको.

कागद नाही तर होडी नाही

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट ताब्यात घेऊन आले होते. त्यानंतर होड्यांची नोंदणी आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांबाबत कडक धोरण आले. बिनकागदाची होडी आज समुद्रावर नेणे म्हणजे संकट ओढवून घेणे. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, परवाना चालू आहे का, कागदावरचा इंजिन क्रमांक प्रत्यक्ष क्रमांकाशी जुळतो का, होडीवर बँकेचा वा सोसायटीचा बोजा आहे का, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात आणि मच्छीमार सोसायटीत स्वतः जाऊन पाहावे. सोसायटीमार्फत डिझेलवरील कराचा परतावा मिळवायचा, तरी हे कागदच लागतात.

फुकटची होडीसुद्धा

स्वस्त म्हणजे फायद्याची नव्हे, याचा मोठा धडा दूर तामिळनाडूत मिळाला. भोसले राजांमुळे तंजावर-कुंभकोणमचा मुलूख आपल्या ओळखीचा आहे. साक्कोट्टैसारखी तिथली गावे समुद्रापासून आत, भातशेतीत वसलेली आहेत. पण कावेरीचे फाटे पुढे जाऊन ज्या किनाऱ्याला मिळतात, त्या नागपट्टिणमच्या पट्ट्यात २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने सहा हजारांहून अधिक बळी घेतले. हजारो होड्या फुटल्या. मदत करणाऱ्या संस्थांनी फायबरच्या नव्या होड्या भराभर वाटल्या. हेतू चांगला होता, पण घाईत बांधलेल्या अनेक होड्या कच्च्या निघाल्या. होडी फुकट मिळाली तरी ती समुद्रात टिकते का, हा प्रश्न सुटत नाही. मग पैसे मोजून घेताना तो टाळून कसे चालेल?

घरच्यांना विचारा

कोळीवाड्यात मासळी विकते ती बाई, आणि घरचा पैसा बहुधा तिच्याच हातून फिरतो. तरी होडीचा सौदा मात्र पुरुषमंडळी बंदरावर, चार मित्रांच्या आग्रहाने करून मोकळी होतात. तसे करू नये. वरचा हिशेब कागदावर मांडून घरात ठेवावा. ज्या बांगड्या गहाण पडणार आहेत, त्या घालणारीचे मत आधी घ्यावे. "आणि इंजिन बंद पडलं तर?" हा प्रश्न ती नक्की विचारील. त्याचे उत्तर तयार असावे. होडीत लाइफ जॅकेट आणि वायरलेस संच आहे. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. इंजिन बंदरालगत दोन-चार दिवस चालवून पाहिल्याशिवाय होडी खोल समुद्रात जाणार नाही. एवढे तरी तिला सांगता आले पाहिजे.

सांगाडा पक्का, कागद स्वच्छ, भाव इंजिन वगळून ठरलेला आणि दुरुस्तीला अख्खी बंदी हाताशी, अशा चारही गोष्टी जमल्या तर जुनी होडी बेलाशक घ्यावी. कित्येकांची पहिली होडी अशीच घरात आली आहे. यातली एक जरी कमी असली, तरी आणखी एक मोसम दुसऱ्याच्या होडीवर काढावा. त्यात कमीपणा नाही. वाळूवर होड्या पुढच्या वर्षीही असतील.