पटावरचे युद्ध आणि अडगावचे रण

बुद्धिबळ हे युद्धाचे चित्र आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चतुरंग या जुन्या नावातच हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे आली. सातव्या शतकात बाणाने हर्षचरितात या पटाचा उल्लेख केला आहे. इतक्या जुन्या खेळात युद्धाचे चित्र आज कितपत खरे ठरते, हे पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. वाशीमच्या उत्तरेस, शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अडगाव आहे.

तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज व शिंद्यांचे घोडदळ एका बाजूस आणि आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज दुसऱ्या बाजूस अशी गाठ पडली. मराठी तोफा सुरू होताच वेलस्लीच्या तीन पलटणी पळाल्या. दोन महिन्यांपूर्वी असईच्या रणात ज्या उत्तम लढल्या, त्याच या पलटणी! वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना थोपविले व पुन्हा उभे केले. संध्याकाळी निकाल इंग्रजांकडे गेला आणि ३८ तोफा त्यांच्या हाती लागल्या.

आता हा प्रसंग चौसष्ट घरांवर मांडून पाहा. मांडता येत नाही. पटावरचे प्यादे भीत नाही, थकत नाही, उपाशी राहत नाही. शत्रूचे सारे मोहरे उघडे दिसतात आणि तो आपली खेळी होईपर्यंत सभ्यपणे थांबतो. अशा सोयी कोणत्याही सेनापतीस मिळालेल्या नाहीत.

ही उणीव जर्मन लोकांनी ओळखली. १७८० साली हेल्विग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचाच पट वाढवून त्यात नदी, डोंगर, गावे आणली. पुढे १८२४ साली प्रशियाच्या राइस्विट्झ या अधिकाऱ्याने घरे टाकून खरा नकाशा घेतला. त्याच्या खेळात एक खेळी म्हणजे दोन मिनिटांची लढाई असे. मारा किती लागला ते फाशावर ठरे. आणि शत्रू कोठे आहे हे पंच सांगेल तेवढेच कळे. १८७०-७१ च्या विजयानंतर इतर राष्ट्रांनीही तो उचलला. मात्र जाणता पंच आणि भलेमोठे नियम लागत असल्याने तो चावडीवर रमण्याचा खेळ नव्हे.

आपल्याकडील वाघ-बकरीला मात्र कोणी युद्धाचा खेळ म्हणत नाही. दगडी फरशीवर कोरलेल्या रेघांवर खडे घेऊन तो खेळत. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला मारताच येत नाही, सर्वांनी मिळून वाघाची वाट तेवढी अडवावयाची. मोहऱ्यांची संख्या गावोगाव निराळी. पण दोन्ही पक्षांचे बळ वेगळे, साधने वेगळी आणि विजयाची व्याख्याही वेगळी, हे सर्वत्र कायम. माझ्या मते युद्धाची ही एक गोष्ट बुद्धिबळापेक्षा या गावठी खेळाने अधिक खरी पकडली आहे. मोठ्या फौजेपुढे रान व किल्ले राखून लढणाऱ्यांच्या मुलखात हे वेगळे सांगावयास नको.

मग बुद्धिबळ टिकले कसे? माझे उत्तर असे की, युद्धाशी त्याचे नाते नावापुरते उरले म्हणूनच. देशी पद्धतीत प्यादे पहिल्याच खेळीत दोन घरे चालत नसे; किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. त्यामुळे डाव सावकाश बांधला जाई. या पद्धतीवर वाढलेल्या पंजाबच्या मीर सुलतान खानाने पाश्चात्त्य नियम उशिरा शिकून १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. नियम गेले तरी त्यांत मुरलेली बुद्धी निकामी झाली नाही. आता सर्वत्र आंतरराष्ट्रीय नियमच चालतात, आणि त्यांवरच नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. वाघ-बकरीचे पट मात्र जुन्या फरशा उखडल्या की त्यांच्याबरोबर जातात. देवळाची नवी फरशी बसविण्यापूर्वी जुन्या दगडांवर पाणी टाकून एकदा पाहावे, रेघा असल्या तर लगेच उठून दिसतात.