गालिचा उलटून पाहा

आपल्या बेळगाव-निपाणी भागातल्या घरांत जमिनीवर अंथरायच्या वस्तूंना दोन भाषांतली नावे असतात. मराठीतल्या गालिच्याला कन्नडमध्ये 'रत्नगंबळी' म्हणतात, म्हणजे रत्नासारखी कांबळी. घोंगडी ती 'कंबळी'. जमखाना मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. मागावरच्या उभ्या धाग्याला आपण ताणा म्हणतो, आडव्याला बाणा. कन्नडमध्ये 'हासु' आणि 'होक्कु'. एखादी गोष्ट जगण्यात भिनली की कन्नड माणूस ती 'हासुहोक्कु' झाली म्हणतो, ते इथूनच आले.

एवढे कळले तरी निम्मे काम झाले. घोंगडी आणि जमखाना या सपाट विणीच्या वस्तू. आपल्याकडची घोंगडी खड्डामागावर विणतात आणि लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. जमखाना सुताचा. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना बायका उभ्या मागावर विणतात. मोर आणि सोंगट्यांचा पट ही तिथली ठरलेली नक्षी. विजापूरहून आलेल्या विणकर घराण्यांची ही कला, तिला जीआय मानांकनही मिळाले आहे. पण विणणारे हात आता फार थोडे उरलेत. जमखान्यात बाणा ठोकून इतका दाट बसवतात की ताणा दिसतच नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंनी वापरता येतो.

गालिच्याचे तसे नाही. त्याला वर लव असते, दुकानदार तिला 'पाइल' म्हणतात. ही लव म्हणजे ताण्याच्या दोन-दोन धाग्यांना मारलेल्या गाठींची कापलेली टोके. तुर्की गाठीत लोकर दोन्ही धाग्यांना वेढा घेते, इराणी गाठीत एकाला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याखालून नुसती निघते. गाठींची एक ओळ झाली की बाणा घालायचा, ठोकायचा, की पुढची ओळ.

हिशेब करून पाहा. चौरस इंचाला 100 गाठी धरल्या तर चार बाय सहा फुटांच्या गालिच्यात 3,45,600 गाठी होतात. दिवसाला सात हजार गाठी मारणाऱ्या कारागिराचे जवळजवळ पन्नास दिवस त्यात जातात. म्हणून अस्सल गालिचा स्वस्त असूच शकत नाही!

गेल्या दिवाळीत आमच्या एका सहकाऱ्यांनी लेकीच्या रुखवतासाठी प्रदर्शनातून गालिचा आणला, अठरा हजार मोजून. जुलैच्या पावसात त्याला रबराचा वास यायला लागला आणि झाडताना खालून पांढरी पूड पडू लागली. "हातानं केलेला म्हणालाय की हो, सर," वहिनी मला सांगत होत्या. तो विक्रेता तसा खोटे बोलला नव्हता. 'हॅन्ड-टफ्टेड' गालिच्यात कारागीर हातात यंत्राची बंदूक धरून ताणलेल्या कापडात लोकर टोचत जातो. त्यात गाठ नसते. लोकर निसटू नये म्हणून मागे लॅटेक्सचा थर देतात आणि वर कापड चिकटवतात. लॅटेक्स काही वर्षांनी सुकून भुगा होतो, हलक्या प्रतीचा असला तर त्याआधीच. हाताने केलेला आणि हाताने गाठी मारलेला यांतला हा फरक बिलात नुसते 'हॅन्डमेड' लिहिले की झाकला जातो. माझ्या मते फसवणूक ती हीच.

दुकानात गालिचा उलटा करायला लाजू नका. मागे नक्षी गाठीगाठीने उमटलेली दिसली तर तो गाठींचा. कापड चिकटवलेले असेल तर टफ्टेड. पाठ अगदी एकसारखी, काठ यंत्राने शिवलेले आणि झालर वेगळी जोडलेली, तर यंत्रमागाचा. खऱ्या गालिच्याची झालर म्हणजे ताण्याचीच सुटी टोके, ती उसवून काढता येत नाहीत.

जुने काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर विजापूर दूर नाही. आसार महालातले आदिलशाही काळचे गालिचे गोलघुमटासमोरच्या संग्रहालयात आहेत. इंग्रजी अमदानीत पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत, त्यांतले काही याच नमुन्यांवरून उतरवलेले.

टफ्टेड गालिचा घेऊच नये असे मी म्हणत नाही. बैठकीच्या खोलीत पाच-सात वर्षे तो छान दिसतो. फक्त पैसे टफ्टेडचे द्या आणि बिलावर 'हॅन्ड-नॉटेड' की 'हॅन्ड-टफ्टेड', लोकर की पॉलिप्रॉपिलीन, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.