चूक उसवता येते तेव्हा

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी येथील केदारेश्वर मंदिर चालुक्यकालीन शिल्पांसाठी ओळखले जाते. बाह्यभिंतींवरील सुरसुंदरींच्या मूर्ती पाहताना जाणवते की, दगडातून एकदा उडालेली कपची पुन्हा जागी बसत नाही. नवख्या हाताला अशा कामात थेट मूर्तीपाशी बसविणे कोणत्याही गुरूला परवडणारे नव्हे.

याच मराठवाड्यातील पैठणीचा माग मात्र निराळा. पदरावरील मोर विणताना प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी लहान तिल्ली असते व विणकर ताण्याचे धागे मोजून ती आतबाहेर घालतो. मोजण्यात एक धागा चुकला, तर मोराची मान ढळू लागते. पण ते लगेच कळत नाही, काही ओळी चढल्यावर डोळ्यांना खुपते. पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी लागते, त्यामुळे चूक मागे लपविण्याचीही सोय नाही. बाण्याचे धागे काढायचे आणि पुन्हा विणायचे, एवढाच उपाय. नक्षी कोणत्या ओळीपासून बिघडली हे शोधता शोधता मोजणी हातात बसते. ते काम वडीलधाऱ्या विणकराने करून दिले, तर वेळ वाचतो. शिकणारा मात्र होता तेथेच राहतो.

‘चुका करीत शिका’ असे आपण सहज सांगतो. परंतु त्या चुकीचा खर्च कोणी सोसायचा? शिवणवर्गास येणाऱ्या मुलीने घरून आणलेले कापड वाया गेले, तर दुसऱ्या दिवशी ती येईलच असे नाही. घरचे बोलणे तिला ऐकावे लागते, शिक्षिकेला नव्हे! म्हणूनच जाणत्या शिक्षिका प्रथम वर्तमानपत्रावर माप बेतायला व कापायला लावतात, मग जुन्या कापडावर धावदोरा, आणि त्यानंतर यंत्र. शिलाई उसवता येते. आखूड कापलेली बाही लांब होत नाही. कात्री ही त्या वर्गातील छिन्नीच होय.

पहिल्याच आठवड्यात नवे कापड आणण्याची सक्ती केली, की मुली कात्री धरायलाच भितात. तेव्हा वर्ग चालविणाऱ्यांनी रद्दीचा गठ्ठा व जुन्या साड्यांचे तुकडे आधीच जमवून ठेवावेत. गावात मागितले तर ते मिळतात.